गुडघ्याला जेल लावायची म्हणजे नक्की काय करायचं

डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या बंद केल्या आणि त्यांच्या जागी त्याच औषधाच्या जेलची एक ट्यूब लिहून दिली तेव्हा खरं सांगते, मला जरा रागच आला होता. म्हणजे गुडघा माझा दुखतोय, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतेय, आणि तुम्ही मला मलम देताय? मलम म्हटलं की वासाने खोली भरते, दहा मिनिटं बरं वाटल्यासारखं होतं आणि मग परत ये रे माझ्या मागल्या, एवढाच सगळ्यांचा अनुभव असतो. हे प्रकरण वेगळं आहे हे कळायला थोडा वेळ गेला, आणि आता लोक मला विचारतात की तुला फरक पडला का गं, काय लावतेस, तर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

उजवा गुडघा बरेच दिवस कुरकुरत होता. चढताना तितकं नाही, उतरताना मात्र आतल्या बाजूला अशी चमक निघायची की पाय पुढे टाकायचीच भीती वाटायची. खूप वेळ बसून उठलं की पहिली काही पावलं पाय आखडलेला, मग हळूहळू सुटायचा. एक्सरे काढला तर सांध्यातली फट आतल्या बाजूने कमी झालेली आणि हाडाच्या कडेला बारीक काटा आलेला, म्हणजे कुर्चेची, हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीची, झीज. दुखणं वाढलं की मी डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायचे, डॉक्टरांनीच दिलेली, आणि गुण यायचा हे नाकारण्यात अर्थ नाही, थोड्या वेळात गुडघा मोकळा. पण मग पोटाने तक्रार सुरू केली, छातीत जळजळ, रात्री घशाशी आंबट पाणी, आणि त्यात प्रेशरही वर सरकलेलं. डॉक्टरांनी मशीनवरचा आकडा बघितला, गोळ्या किती घेता ते विचारलं आणि म्हणाल्या, "हे बघा, तुमचा गुडघा कुठे आहे ते गोळीला माहीत नसतं. ती सगळीकडे जाते."

हे वाक्य डोक्यात बसलं. नंतर वाचत गेले, अडलं तिथे त्यांनाच विचारत गेले. गोष्ट अशी आहे की एखाद्या जागी इजा झाली किंवा झीज होऊन आतलं आवरण चिडलं की तिथल्या पेशींच्या कडेतून अॅराकिडॉनिक अॅसिड नावाचा पदार्थ सुटतो, आणि सायक्लोऑक्सिजनेज, ज्याला सगळे नुसतं कॉक्स म्हणतात, ते एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. ही प्रोस्टाग्लँडिन्स रक्तवाहिन्या रुंद करतात, त्यामुळे जागा गरम होते आणि सुजते, आणि वर दुखणं कळवणाऱ्या नसांना इतकं हळवं करून ठेवतात की एरवी ज्या हालचालीची नसेने दखलही घेतली नसती ती सुद्धा कळ म्हणून मेंदूपर्यंत जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, किटोप्रोफेन, ही सगळी मंडळी हे कॉक्स अडवतात. यातली गंमत म्हणजे अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं, पण ते नेमकं कसं काम करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, म्हणजे सत्तर वर्षं लोक विश्वासावर गिळत होते! व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत.

आता घोळ असा की हीच प्रोस्टाग्लँडिन्स पोटाचं अस्तर अॅसिडपासून सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवतात. गोळी घेतली की गुडघ्यातली कमी होतात आणि पोटातली, किडनीतलीही कमी होतात. म्हणून जळजळ, म्हणून अंगात पाणी धरणं, म्हणून प्रेशर. आणि डायक्लोफेनॅकची गोळी भरपूर डोसमध्ये बरेच दिवस घेतली तर हृदयालाही धोका वाढतो. त्यामुळे औषध तेच ठेवायचं पण रस्ता बदलायचा, थेट दुखऱ्या जागेवरच्या कातडीतून आत सोडायचं, असा तो विचार. एका गुडघ्याला रोज १६ ग्रॅम जेल लावली तरी रक्तात औषध जातं ते गोळ्यांच्या पूर्ण डोसच्या मानाने साधारण ६ टक्के. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात मिळून ४८ ग्रॅम लावली तर मात्र तेच २० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे नुसतं वरून लावायचं आहे म्हणून अंगभर फासत सुटायचं नाही.

आणि इथे ते १६ ग्रॅम. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात लोकांना हेच माहीत नसतं. माझ्या ट्यूबसोबत एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आली होती, तिच्यावर दोन खुणा, २ ग्रॅम आणि ४ ग्रॅम. गुडघा, घोटा, पाऊल यांना एका वेळी ४ ग्रॅम, आणि हात, मनगट, कोपर यांना २ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. डॉक्टरांनी पट्टी टेबलावर ठेवून ट्यूब पिळून दाखवली. ४ ग्रॅम म्हणजे जेलची साडेचार इंच लांब रेघ! मी बघतच राहिले. आपण सगळे काय करतो, बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घेतो, दुखतं त्या बिंदूवर जोरजोरात चोळतो आणि वर म्हणतो की काही उपयोग नाही या मलमांचा. ती रेघ गुडघ्यावर उतरवली की आधी पांढरट थर दिसतो, मग वाटीच्या वर, दोन्ही बाजूंनी, मागे लवणीपर्यंत पसरवत गेलं की हळूहळू पारदर्शक होतो आणि मग कातडी किंचित चिकट लागते. एका बिंदूवर नाही लावायची, सांधा सगळ्या बाजूंनी झाकायचा. दाबून रगडायचीही गरज नसते, नुसती जिरेपर्यंत हलक्या हाताने.

लावली की किमान दहा मिनिटं त्यावर कपडा नको, नाहीतर औषध सगळं सलवारीला. तासभर तिथे पाणी नको, म्हणजे आंघोळीच्या आधी लावण्यात अर्थ नाही. वर घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळायचं नाही, शेकायचं नाही, हीटिंग पॅड तर मुळीच नाही, कारण उष्णतेने आणि झाकल्याने औषध प्रमाणाबाहेर आत जाऊ शकतं. खरचटलेल्या किंवा पुरळ आलेल्या कातडीवर नाही, आणि डोळ्याला हात लावायचा नाही. उन्हात जायचं असेल तर ती जागा झाकायची. आता चार वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं पाय उघडा टाकून बसायचं, आणि कामधंदा असलेल्या माणसाने हे जमवायचं कसं हे कुणी सांगत नाही! मी आंघोळीनंतर अंग पुसून, दुपारी, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपताना असं बसवलं. दुपारची वेळ चुकायचीच. काही ठिकाणी दुप्पट ताकदीची जेल मिळते ती दिवसातून दोनदाच लावतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. ट्यूबवरचा आकडा वाचताना आणखी एक, १.१६ टक्के डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन आणि १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियम हे औषधाच्या हिशोबाने सारखंच, पहिलं जास्त स्ट्राँग आहे असं समजून त्याच्या मागे धावू नका.

कातडीतून औषध आत जातं तरी कसं हा मला पडलेला प्रश्न, कारण कातडीचं मुख्य काम तर बाहेरचं बाहेर ठेवणं हेच आहे ना. सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाड, पण खरा अडसर तोच. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा अशी ती भिंत आहे, आणि औषधाला त्या गिलाव्यातूनच वाट काढावी लागते. म्हणजे औषधाचा रेणू लहान हवा, साधारण ५०० च्या खाली रेणुभार, डायक्लोफेनॅकचा २९६ आहे, तो बसतो. शिवाय त्याला चरबीत विरघळता आलं पाहिजे आणि पुढे आतल्या ओलसर थरातही, दोन्ही जमणारी औषधं थोडीच. जेलमध्ये अल्कोहोल आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं ते याचसाठी, अल्कोहोल उडून जातं तसतसं कातडीवर उरलेलं औषध जास्त घट्ट होत जातं आणि आत शिरायला लागतं. मग ते कातडीतच साठून राहतं आणि तिथून हळूहळू खाली झिरपतं, त्यामुळे गोळीसारखं झटकन नाही होत काही. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी ज्यांना जेल लावून ठेवली होती त्यांच्या सांध्याच्या आतल्या आवरणात औषध सापडलेलं आहे, म्हणजे पोचतं हे नक्की. थोडं थेट पोचतं, थोडं रक्तातून फिरून येतं.

पहिले काही दिवस मला काहीही फरक वाटला नाही. म्हणजे लावल्यावर गार वाटायचं, पण ते अल्कोहोल उडण्याचं गार, सांध्याला त्याचं काही नाही. मी डॉक्टरांना फोन करून जवळजवळ भांडलेच की मला गोळीच द्या परत. त्या शांतपणे म्हणाल्या, "आठवडा जाऊ दे पूर्ण, आणि चारही वेळा लावा, मग बोलू." वैताग होता तो. पण पुढे कधीतरी लक्षात आलं की रात्री कूस बदलताना जाग येत नाहीये. दिवसा अजून दुखत होतं, पण रात्रीची ती ठणकायची ओढ कमी झालेली. मग बसून उठतानाचं आखडणं जरा लवकर सुटायला लागलं. जिना सगळ्यात शेवटी सुधारला, आणि तोही पूर्ण नाही, कठड्यावरचा हात सैल झाला एवढंच म्हणेन. गोळीसारखं बटण दाबल्यागत कधीच झालं नाही, आज नेमकं किती बरं वाटतंय हे सांगता यायचं नाही, मागच्या आठवड्याशी ताडून बघितलं तरच कळायचं.

आता ते गार-गरम प्रकरण. आमच्या आईचं ठाम मत आहे की जे मलम चुणचुणत नाही ते मलमच नाही. माझी जेल तिने एकदा हातावर घेऊन बघितली आणि म्हणाली, "अगं यात काही दमच नाही, ते झणझणीत वालं आण." झणझणीतवाल्यात मेंथॉल असतं, मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीन तेलातलं द्रव्य असतं, काहींमध्ये मिरचीतलं कॅप्सेसिन. मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या दाराला धक्का देतं, कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या दाराला, प्रत्यक्षात तिथे ना थंडी असते ना उष्णता, नसेला मात्र वाटतं. हे कॅप्सेसिनवालं दार शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, सोबत पटापुटियन होते. तर ही चुणचुण दुखण्यावरून लक्ष उडवते आणि तेवढ्यापुरता खरोखर आराम देते, मी तिला खोटं म्हणत नाही. शिवाय चोळण्याचाही गुण असतोच, स्पर्शाच्या जाड नसा जागवल्या की दुखण्याच्या बारीक नसांचा निरोप मणक्यातच अडतो हे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्येच मांडलं, लहान मूल पडलं की आपण तिथे हात फिरवतो तो काही उगाच नाही. पण चुणचुण झाली म्हणजे सूज उतरली असं नसतं, आणि काहीच जाणवलं नाही म्हणजे औषध लागू पडत नाहीये असंही नसतं. बऱ्याच ट्यूबमध्ये दोन्ही एकत्र घातलेलं असतं, मग नक्की कशाने बरं वाटलं ते देव जाणे.

आईच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी गंभीर होती. तिला रक्त पातळ करायची गोळी आहे, वॉरफरिन. मिथाइल सॅलिसिलेट हे अॅस्पिरिनच्याच घराण्यातलं, कातडीतून शरीरात जातं, आणि वॉरफरिनवाल्या माणसाने ते दिवसेंदिवस भरपूर चोळलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तशा केसेस नोंदलेल्या आहेत. तिचा तो झणझणीत डबा मी डॉक्टरांना नेऊन दाखवला आणि त्यांनी सरळ बंद करायला लावला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही ते सोडा. माझी जेलसुद्धा तिला परस्पर द्यायची नाही हेही बजावलं, कारण थोडं का होईना रक्तात जातं. अॅस्पिरिनने ज्यांना दमा उठतो किंवा अंगावर पित्त उठतं त्यांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, आणि गरोदर बायकांनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वरून लावायचंय ना मग काय होतंय, हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय!

मध्येच भाच्याचा पाय मुरगळला, खेळताना, घोटा टम्म फुगलेला. एक्सरेत हाड ठीक निघालं, आणि त्यालाही त्याच्या डॉक्टरांनी याच प्रकारची जेल दिली. तो आठवड्याच्या आत उड्या मारायला लागला आणि मला म्हणतो, "मावशी, तुझी जेल भारी आहे, तुला कशी नाही लागू पडत?" चिडचिड झाली पण प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर मला नंतर सापडलं. कॉक्रेन म्हणून संस्था आहे जी जगभरच्या चाचण्या गोळा करून हिशोब मांडते. ताज्या मुरगळण्यात, लचकण्यात डायक्लोफेनॅकची इमल्जेल (क्रीम आणि जेल यांच्या मधला प्रकार) लावलेल्या शंभरातल्या ७८ जणांचं दुखणं आठवडाभरात निम्म्याने तरी उतरलं, आणि औषध नसलेली नुसती जेल लावलेल्यांत २० जणांचं. जबरदस्त फरक. पण माझ्यासारख्या जुन्या झिजेच्या दुखण्यात सहा ते बारा आठवड्यांनी औषधवाल्यांत साधारण ६० आणि नुसत्या जेलवाल्यांत ५०. म्हणजे औषध म्हणून जो खरा फरक पडला तो दहातल्या एकाला. बाकी पन्नास जणांना नुसतं लावल्याने, चोळल्याने, वेळ गेल्याने, काळजी घेतल्याने बरं वाटलं. हे वाचून आधी हिरमुसले. मग वाटलं की मी त्या पन्नासातली आहे की वरच्या दहातली हे मला कधीच कळणार नाही, आणि जिना उतरता येतोय तोवर मला त्याने काही फरकही पडत नाही.

आणि गोळी तरी किती पुढे आहे ते बघा. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या गुडघेदुखीवाल्यांना काहींना आयब्युप्रोफेन लावायचा आणि काहींना गोळीचा सल्ला देऊन वर्षभर बघितलं, २००८ मध्ये ते छापून आलं, दोन्हीकडे दुखण्यात जवळपास सारखाच फरक. लावणाऱ्यांतले काहीजण पुरेसा आराम पडेना म्हणून गोळीकडे वळले आणि गोळीवाल्यांतले काहीजण त्रास झाला म्हणून सोडून गेले, हे मात्र झालं, आणि मला ते अगदी पटतं कारण मी दोन्ही बाजूंना राहून आलेय. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेला औषध द्यायचं तर आधी लावायचं द्या असंच म्हटलंय, आणि पॅरासिटामॉल सरसकट देऊ नका असंही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी याची जोरदार शिफारस केली, हाताच्या सांध्यांसाठी जरा हात राखून.

गुडघ्याला गुण आला म्हटल्यावर माझा मोर्चा खांद्याकडे वळला, डावा खांदा वर करताना अडकतो. डॉक्टर नको म्हणाल्या. गुडघा, घोटा, बोटं, कोपर हे सांधे कातडीच्या लगेच खाली असतात, खांदा जाड स्नायूखाली आणि खुबा तर आणखीनच खोल, वरून लावलेलं तिथवर पुरेसं पोचेल याची खात्री नाही, आणि या जेलची खांदा, खुबा, मणका यांवर तपासणी झालेली नाही हे पत्रकातच छापलेलं असतं, कुणी वाचत नाही. मलाही बारीक अक्षरात ते शोधायला भिंग घ्यावं लागलं. कंबरदुखीवाले जेलचे डबेच्या डबे संपवतात त्यांच्याबद्दल काय बोलावं.

कातडीने मध्ये एकदा डोळे वटारले. गुडघ्याच्या मागे, लवणीत, रुपयाएवढा लाल चट्टा, कोरडा, खाज सुटणारा, आणि जेल लावली की चुरचुर. डॉक्टरांनी सांगितलं शंभरातल्या सातेक जणांना असं काहीतरी होतं, अल्कोहोलने कातडी कोरडी पडते, आणि लवणीत घाम साचतो. काही दिवस पूर्ण बंद, मग परत सुरू करताना लवण सोडून बाकी तीन बाजूंनीच. चट्टा गेला. फोड आले असते किंवा तोंड सुजलं असतं, धाप लागली असती तर मात्र कायमची बंद आणि लगेच दवाखाना, हे त्यांनी दोनदा सांगितलं. किटोप्रोफेनच्या जेलला तर उन्हाचं फार वावडं, तिच्यामुळे उन्हात कातडी भाजल्यासारखी होते आणि जेल बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकून ठेवायची असते.

आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर फिजिओ. तो पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, जेल तुम्हाला व्यायाम करू देण्यापुरती आहे. गुडघा उचलून धरणार ते मांडीचे स्नायू." झिजलेली कुर्चा जेलने परत येत नाही, गोळीनेही नाही. दुखतं म्हणून आपण पाय कमी वापरतो, वापरला नाही म्हणून मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, तो रोडावला की सगळा भार सांध्यावर, आणि मग आणखी दुखतं. गोळ्यांच्या दिवसांत मी गुडघा मोकळा झाला की घरकाम उरकून घ्यायचे, व्यायाम कुणी करत नसे. आता सकाळची जेल लावली, वाळली, की जरा वेळाने खुर्चीच्या कडेवर बसून पाय सरळ करून धरून ठेवणं, मग हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. हे उठणं-बसणं म्हणजे शिक्षा आहे. सुरुवातीला मी टेबलाची कड चोरून धरायचे आणि तो बरोबर बघायचा. सूज कमी असली की हा व्यायाम जमतो आणि सूज असली की नाही जमत, जेलचा उपयोग मला इथे सगळ्यात जास्त दिसला, आकडे काहीही म्हणोत.

हात पुसायची एक सवय लावून घेतली. जेल लावून झाली की हात आधी कागदाने पुसायचे, कागद केरात, आणि मग धुवायचे, कारण डायक्लोफेनॅक सांडपाण्यातून नदीत जातं आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून ते पूर्ण निघत नाही. बोटांच्या सांध्यांनाच लावली असेल तर मात्र तासभर हात धुवायचे नाहीत, नाहीतर लावून उपयोग काय. आणि घरात मांजर असेल तर जेल लावलेला पाय चाटू द्यायचा नाही, ही औषधं मांजरांना फार वाईट बाधतात, थोडीशी पोटात गेली तरी किडनीवर येतं. आमची मनी नेमकी मी पाय उघडा टाकून बसले की येऊन चिकटते, त्यामुळे त्या दहा मिनिटांत तिला दाराबाहेर.

सध्या रोज नाही लावत. दुखणं उसळलं की काही दिवस नेमाने चारही वेळा, उतरलं की बंद. स्वतःच्या मनाने घेत असाल तर सलग तीन आठवड्यांच्या वर लावू नका असं पत्रकात असतंच, त्यापुढे डॉक्टरांच्या नजरेखाली, माझं मध्ये एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आणि प्रेशर बघून झालं, दोन्ही ठीक. पोटाची जळजळ गोळ्या थांबल्यावर गेली. वरून जेल आणि आतून त्याच घराण्यातलं औषध असं दोन्ही एकदम चालत नाही, डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन टाकायची सवय त्यामुळे सोडावी लागली. डावा गुडघाही आता अधूनमधून बोलायला लागलाय, आणि सगळे सांधे मिळून दिवसाला ३२ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे दोन्ही गुडघ्यांना पूर्ण डोस लावला की सोळा आणि सोळा, हिशोब तिथेच संपला. त्यात उजव्या अंगठ्याचं मूळ बरणीचं झाकण फिरवताना दुखायला लागलंय, त्याचं काय करायचं ते पुढच्या वेळी डॉक्टरांनाच विचारणार आहे.